जुन्या सर्व्हरवर स्वतःचा क्लाउड: कोंबडी चार आण्याची, मसाल्याचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड एमआयडीसीत पंचवीस-तीस माणसांचं मशीनिंगचं युनिट, सिन्नरजवळ माळेगावला दुसरी लहान शेड. टॅली एका पीसीवर, ड्रॉइंग दुसऱ्यावर, हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर तिसऱ्यावर, आणि सगळ्याचा बॅकअप मालकांच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर. मुंबईहून आलेला एक डेल पॉवरएज आर७२० स्वस्तात मिळतोय: दोन प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, सोबत आठ हार्ड डिस्क. ‘त्यावर ओपनस्टॅक हे क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर टाकून स्वतःचा प्रायव्हेट क्लाउड उभा राहील का, की भंगार गळ्यात पडेल? दुसरा बॅकअप भांडी बाजारातल्या घरी ठेवला तर चालेल ना? आणि हे मशीन फार आवाज करतं म्हणतात, ते खरं का?’

उभा राहील. नाशिक, ओझर, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात मी असे जुने सर्व्हर बरेच लावलेत आणि त्यातले बहुतेक आजही चालू आहेत. फक्त तुमचा विचार उलट्या क्रमाने चाललाय. तुम्ही आधी मशीन धरलंत, मग त्यावर काय टाकायचं ते ठरवताय, आणि बॅकअप उरलेल्या पैशांत बसवताय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपण एखाद्याला टोचून बोलतो. जुन्या सर्व्हरच्या बाबतीत मात्र ते बजेटचं गणित समजा. रुपयातले चार आणे मशीनला, बारा आणे बाकी सगळ्याला. हे जमणार नसेल तर मशीन घेऊच नका, आहेत त्या पीसींचा बॅकअप नीट लावा, तेवढ्यावरही झोप लागेल.

आर७२० बाजारात आला २०१२ मध्ये. म्हणजे तुमच्या हातात येणारं यंत्र कुठल्या तरी बँकेच्या नाहीतर आयटी कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये दिवसरात्र राबून निवृत्त झालेलं असणार. ते मरणार हे धरूनच चालायचं. कधी, तेवढाच प्रश्न. म्हणून पहिला सल्ला: एक घेऊ नका, जोडी घ्या. एकाच मॉडेलची, एकाच पिढीचे प्रोसेसर असलेली, शक्यतो एकाच व्यापाऱ्याकडून. दुसरं मशीन म्हणजे जिवंत स्पेअर पार्टचं कपाट. पॉवर सप्लाय गेला, रॅमची पट्टी गेली, पंखा गेला, तर शेजारच्याचा काढून लावला, पंधरा मिनिटांत काम सुरू. नव्या सर्व्हरला कंपनीचा माणूस पार्ट घेऊन दारात येतो. जुन्याला आपणच तो माणूस.

हे मी पोळून शिकलोय. काही वर्षांपूर्वी पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये मीच लावलेला एकुलता एक सर्व्हर ऐन फेब्रुवारीत बसला. सहाच्या सहा डिस्क ठणठणीत होत्या, मेलं होतं फक्त रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड. पण त्या कार्डाने डिस्कवर डेटा आपल्या पद्धतीने मांडलेला, तो दुसऱ्या कुठल्या कार्डाला वाचता येईना. तेच कार्ड नाशिकमध्ये कुणाकडे नव्हतं, मुंबईहून मागवायला दोन दिवस गेले. बाहेर कंटेनर उभे, आत पोरं कार्टनचे नंबर वहीत लिहीत बसलेली. मालक एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडल्या: एकटा सर्व्हर आणि हार्डवेअर रेड.

आता ओपनस्टॅक. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये ते सुरू केलं, शेकडो-हजारो सर्व्हर एकत्र हाकण्यासाठी. त्याची नुसती व्यवस्था बघणाऱ्या सेवाच इतक्या आहेत की तुमच्या एका मशीनचा मोठा हिस्सा त्याच खाऊन टाकतील, आणि वर ते अपग्रेड करायला एक जाणता माणूस पगारावर लागेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली, तिच्यात पाच लक्षणं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे वापरणाऱ्याने कुणाला न विचारता स्वतःच हवी ती यंत्रणा मागून घेणं, आणि दुसरं म्हणजे कुणी किती वापरलं याची मोजणी. तुमच्याकडे कोण बटण दाबून सर्व्हर मागणार आहे? टर्नरला व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं व्हर्च्युअल मशीन, नकोय. तुम्हाला हवंय ते एवढंच: तीन-चार व्हर्च्युअल मशीन, दोन्ही युनिटांतून उघडतील अशा फाइल, आणि मशीन मेलं तरी दुपारपर्यंत काम सुरू. त्याला प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर पुरतं. डेबियन लिनक्सवर उभं आहे, मुक्त स्रोत आहे, ब्राउझरमधून चालतं. सपोर्टचे पैसे भरायचे असतील तर ते प्रोसेसरच्या सॉकेटमागे घेतात, न भरता वापरलं तरी फीचर कापलेले नसतात. व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरची सवय असलेला एखादा मित्र त्यांचं तसंच ईएसएक्सआय सुचवेल. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली, फुकट ईएसएक्सआय २०२४ मध्ये काढून घेतलं आणि २०२५ मध्ये पुन्हा दिलं. असा हातचा पत्ता सारखा बदलणाऱ्याच्या भरवशावर मी कारखाना ठेवणार नाही.

प्रोसेसरची पिढी मात्र नीट बघा, कारण इथे खरी फसगत होते. व्यापारी ‘झिऑन आहे साहेब, वीस कोर’ एवढंच सांगतो. आर७१० या आधीच्या मॉडेलच्या काळातल्या झिऑनमध्ये (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) एव्हीएक्स ही सूचनांची जोड नाही, आणि मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून पुढे त्याशिवाय चालतच नाही. आर७२० मध्ये येणाऱ्या ई५-२६०० च्या पहिल्या आणि व्ही२ पिढीत एव्हीएक्स आहे, पण एव्हीएक्स२ नाही. एव्हीएक्स२ आलं व्ही३ पासून, म्हणजे आर७३० मध्ये. याचा आज काय त्रास? रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला तीच पिढी किमान लागते, त्यामुळे ते आर७२० वर चढणार नाही. डेबियन आणि पर्यायाने प्रॉक्समॉक्स चढतं. तुमचं काम विंडोज, टॅली आणि फाइलचं आहे, म्हणून आर७२० चालेल. पण व्यापाऱ्याकडे आर७३० थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल तर तो घ्या. डीडीआर४ रॅम, विजेचा खर्च कामाच्या मानाने कमी, आणि अजून काही वर्षांचं आयुष्य हाताशी. आर७१० कुणी फुकट दिला तरी नमस्कार करून परत पाठवा.

एचपीचा डीएल३८० जेन८ दाखवतील, यंत्र म्हणून तोही उत्तम. पण एचपीने २०१४ पासून प्रोलायंट या त्यांच्या सर्व्हर मालिकेच्या सिस्टीम बायॉसचे (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्यांपुरते ठेवले. डेलचे सगळ्यांना उघडे आहेत. जुनं मशीन घेणाऱ्याला हा फरक पैशांपेक्षा मोठा.

घ्यायला जाल तेव्हा मशीन चालू करून दाखवायला सांगा, आणि आयड्रॅक या रिमोट व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन लाइफसायकल लॉग वाचा. रॅमच्या चुका, पॉवर सप्लायच्या तक्रारी, तापमानाचे इशारे, सगळं तिथे लिहिलेलं असतं. लॉग अगदी कोरा असेल तर कुणीतरी पुसलाय. आयड्रॅकचं एंटरप्राइझ लायसन्स आहे का तेही बघा, त्याशिवाय सर्व्हरची स्क्रीन लांबून दिसत नाही आणि मग दर वेळी मॉनिटर उचलून जावं लागतं. दोन्ही पॉवर सप्लाय, रेल्स (रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या) आणि सगळ्या कॅडी (डिस्क बसवायच्या चौकटी) मोजून घ्या, कॅडी नंतर सुट्या घ्यायला गेलं की राग येतो. रॅमच्या पट्ट्या एकाच जातीच्या हव्यात. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड मिसळल्या तर मशीन उठतच नाही.

आणि त्या आठ हार्ड डिस्क व्यापाऱ्यालाच ठेवू द्या. किंमत कमी करून घ्या, नाही केली तरी ठेवू द्या. वापरलेला प्रोसेसर मी डोळे झाकून घेईन, वापरलेली रॅम तपासून घेईन, वापरलेली डिस्क घेणार नाही. शिवाय जुन्या स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या सास डिस्कचे सेक्टर कधीकधी ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. त्या लावल्यावर दिसतात, पण फॉरमॅट होत नाहीत, आणि नवखा माणूस दोन दिवस डोकं खाजवत बसतो.

डिस्कचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण सगळा मसाला इथेच पडतो. आर७२० मध्ये बहुधा पर्क एच७१० हे रेड कार्ड असेल. मला हवी आहे झेडएफएस ही फाइल सिस्टीम, आणि झेडएफएसला डिस्क थेट दिसाव्या लागतात, मध्ये कारभारी नको. एच७१० डिस्क थेट दाखवत नाही. काही जण प्रत्येक डिस्कचं एकेकटं रेड-० करून काम भागवतात. तसं करू नका, डिस्कच्या तब्येतीचा स्मार्ट रिपोर्ट झाकला जातो आणि बदलताना गोंधळ होतो. एकतर त्या कार्डाचं फर्मवेअर बदलून त्याला साधं एचबीए, म्हणजे डिस्क थेट दाखवणारं कार्ड, करा, नाहीतर एलएसआयचं ९२०७-८आय हे जुनं कार्ड घेऊन टाका. आर७३० च्या एच७३० मध्ये एचबीए मोड मुळातच आहे. यातला फायदा पॅकहाउसच्या गोष्टीत आहे: झेडएफएसच्या डिस्क काढून झेडएफएस बसवलेल्या दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या की डेटा उघडतो, कार्ड कुणाचंही असो.

मांडणी अशी करा. बूटसाठी दोन लहान साटा एसएसडी, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. व्हीएमसाठी दोन किंवा चार एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडी, मिररच्या जोड्यांत. ड्रॉइंग आणि जुन्या फाइलींसाठी चार टीबीच्या चार नव्या हार्ड डिस्क, त्यांच्याही दोन जोड्या, म्हणजे आठ टीबी वापरायला मिळतील. ‘निम्मी जागा वाया’ असं वाटेल. रेडझेड या झेडएफएसच्या दुसऱ्या मांडणीत जागा जास्त मिळते खरी, पण डिस्क मेल्यावर नवी भरून निघायला वेळ लागतो, आणि त्या वेळात उरलेल्या डिस्कवर ताण येतो. मिररमध्ये फक्त जोडीदारावरून कॉपी होते. हार्ड डिस्क घेताना ती एसएमआर नाही ना, हे मॉडेल नंबरवरून बघून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, झेडएफएसमध्ये डिस्क बदलायची वेळ आली की तिचा बैल बसतो. लॅपटॉपच्या साध्या एसएसडी व्हीएमसाठी लावू नका. झेडएफएस एकेका लिखाणामागे बरंच जास्त लिहितं, त्यात त्या झिजतात. आणि लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करायला लागणारे कपॅसिटर त्यांच्यात नसतात. एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) कार्ड अडॅप्टरवर चढवता येतं आणि वेगही देतं, पण या पिढीच्या बायॉसमधून त्यावरून बूट होत नाही, तेव्हा ते फक्त डेटासाठी.

झेडएफएस मोकळी रॅम कॅशसाठी घेतं. पूर्वी निम्मी रॅम घ्यायचं आणि लोक घाबरायचे, प्रॉक्समॉक्स ८.१ पासून इन्स्टॉलर ही मर्यादा रॅमच्या १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी, अशी लावतो. तुमच्या १२८ जीबीत ते ठीक आहे. महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, डेबियनच्या नेमानुसार सगळा डेटा आपोआप वाचून पडताळला जातो, त्याला स्क्रब म्हणतात. त्याचा निकाल ईमेलवर येईल असं पहिल्याच दिवशी लावा. मिररमधली एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालूच राहतो, म्हणून कुणाला कळत नाही, आणि दुसरी मेली की सगळ्यांना कळतं. डेलच्या पुढच्या पॅनेलवरचा निळा दिवा बिघाड झाला की पिवळा होतो. मी प्रत्येक ठिकाणी वॉचमनला सांगून ठेवतो: ‘मामा, निळ्याचा पिवळा झाला की मला फोन.’ आजवर ईमेलपेक्षा मामांनी जास्त डिस्क पकडल्यात.

विंडोजच्या लायसन्सचा हिशेब कुणी आधी करत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स मशीनमधल्या खऱ्या कोरवर मोजतात, एका सर्व्हरला किमान १६ कोर. सगळे कोर भरले की दोन व्हीएम चालवायचा हक्क मिळतो. म्हणजे दहा-दहा कोरचे दोन प्रोसेसर असतील तर वीस कोरचे पैसे. एक प्रोसेसर काढून ठेवला तर सोळाचे, आणि विजेचं बिलही उतरतं. पण मग रॅमचे निम्मे स्लॉट आणि पीसीआयईचे काही स्लॉट मुके होतात, हेही बघा. शिवाय हे लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर ९० दिवसांच्या आत हलवता येत नाही, हार्डवेअर कायमचं गेलं असेल तर सूट आहे. म्हणून विंडोजचं काम एका मशीनवर ठेवा, लिनक्सचं दुसऱ्यावर, आणि रोज गंमत म्हणून इकडून तिकडे करू नका. वापरणाऱ्यांची क्लायंट लायसन्स वेगळी, ती विसरू नका. टॅली नव्या व्हीएमवर नेताना जुन्या पीसीवर लायसन्स आधी सरेंडर करायचं, मग इकडे ॲक्टिव्हेट.

सॉलिडवर्क्स किंवा कॅमचं काम व्हीएममध्ये घालायचा मोह आवरा. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, ते डिझायनरच्या टेबलावरच राहू दे; सर्व्हरवर फक्त फाइली. त्यातही एक भेद आहे. ‘क्लाउड’ म्हटलं की सगळे नेक्स्टक्लाउड हे फाइली सिंक करणारं सॉफ्टवेअर बसवतात आणि असेंब्लीच्या फाइली त्यात टाकतात. एका असेंब्लीत पन्नास पार्टच्या फाइली जोडलेल्या असतात. दोघांनी एकाच वेळी उघडलं की सिंक करणारं सॉफ्टवेअर त्याच फाइलीची दुसरी प्रत बनवून ठेवतं, आणि कुठली खरी हे ठरवता ठरवता जॉब रिजेक्ट होतो. अंबडमध्ये आतल्या आत साधा साम्बा शेअर (नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर) ठेवा, तिथे फाइल उघडली की लॉक होते. नेक्स्टक्लाउड माळेगावला आणि ग्राहकाला पीडीएफ, तयार ड्रॉइंग द्यायला ठेवा. साम्बा आणि झेडएफएसचे स्नॅपशॉट (त्या त्या वेळी टिपून ठेवलेली स्थिती) जोडले की विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक करून कालची प्रत परत आणता येते. पोराने चुकून फोल्डर उडवला तर तुम्हाला किंवा मला फोन करायची गरज नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात जास्त दुवा मिळवणारी गोष्ट हीच आहे.

दोन्ही मशीन एकमेकांना जोडा. जुनी दहा गिगाबिटची कार्डं, इंटेल एक्स५२० किंवा मेलानॉक्स कनेक्टएक्स-३, स्वस्तात मिळतात. मध्ये स्विच नको, एक डॅक केबल (दोन्ही टोकांना जोडणी बसवलेली तांब्याची वायर) थेट इकडून तिकडे. मग प्रॉक्समॉक्स दर १५ मिनिटांनी एका मशीनच्या व्हीएमची झेडएफएस प्रत दुसऱ्यावर पाठवत राहील. पहिलं मेलं तर दुसऱ्यावर चालू करायचं, जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं काम गेलं. दोनच मशीनच्या क्लस्टरमध्ये एक बंद पडलं की दुसऱ्याला बहुमत मिळत नाही आणि ते हात बांधून बसतं, म्हणून तिसरं मत हवं. त्याला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप क्यूडिव्हाइस म्हणून पुरतो. सेफ (Ceph) हे अनेक मशीनवर डेटा पसरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव ऐकलं असेल, ते किमान तीन सारख्या मशीनशिवाय आणि वेगवान नेटवर्कशिवाय लावू नये. तुमच्याकडे नको.

वीज. असा सर्व्हर निवांत असतानाही १५० वॉटच्या आसपास खातो असं धरा. वर्षाचे १,३१४ युनिट. तुमच्या बिलावरचा दर बघून गुणाकार करा; समजा दहा रुपये पडला तर तेरा हजार, आणि मशीन दोन. दोन-तीन वर्षांत वीज मशीनच्या किमतीला गाठते, हे क्लाउडच्या मासिक बिलाशी तुलना करताना धरायचं. यूपीएस ऑनलाइन जातीचा घ्या, आणि त्याला कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंगच्या फेजवर बसवू नका. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत. दोन्ही एकाच यूपीएसवर लावले तर यूपीएस बिघडल्यावर दोन्ही जातात. एक यूपीएसवर, एक दुसऱ्या यूपीएसवर, तेवढं नसेल तर थेट लाइनवर. आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद व्हावा म्हणून नट हे सॉफ्टवेअर लावा. महावितरणचा देखभालीच्या शटडाऊनचा मेसेज येतो, पण दुपारी चारपर्यंत म्हणजे दुपारी चारच, असं कुणी लिहून दिलेलं नसतं. आर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या, अंदाजाने नको.

जागा शॉप फ्लोअरवर नको. ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते, वीज वाहते, आणि कूलंटचं तेलकट धुकं तिला पंख्यांवर चिकटवतं. सर्व्हरने आत ओढायची हवा १८ ते २७ अंशांची असावी असं अमेरिकेच्या ॲशरे संस्थेचं मार्गदर्शन आहे. डिसेंबरात निफाडला पारा घसरतो तेव्हा आपल्याला एसी लागत नाही, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली मात्र लागतोच. ऑफिसची आतली खोली, लहान एसी, आणि वर्षातून दोनदा ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी भिरभिरली तर बेअरिंग जातं.

सुरक्षेचं एकच उदाहरण देतो, बाकी समजून घ्या. एचपीच्या आयएलओ ४ मध्ये (डेलच्या आयड्रॅकसारखी रिमोट व्यवस्था) २०१७ साली एक भोक सापडलं: एका विनंतीत २९ वेळा ‘ए’ हे अक्षर पाठवलं की पासवर्डशिवाय दार उघडत होतं. फर्मवेअर २.५३ मध्ये ते बुजवलं. किती जुन्या सर्व्हरवर ते कधीच चढवलं गेलं नाही, विचार करा. डेलचा आयड्रॅक येतो ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’ या जगजाहीर जोडीसह. म्हणून व्यवस्थापनाचं पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर, इंटरनेटवर कधीच नाही. घरून ऑफिसातली टॅली बघता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडून ठेवतात, ते तर रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) हळदीकुंकू लावून घरात घेणं आहे. बाहेरून यायचं ते वायरगार्ड व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने. गल्लीतल्या ब्रॉडबँडवर बहुधा स्वतःचा आयपी मिळत नाही, अनेक ग्राहकांत एक वाटलेला असतो. अंबडच्या टोकाला एक स्टॅटिक आयपी विकत घ्या, माळेगाव तिथे जोडलं जाईल.

आता बॅकअप. पंधरा मिनिटांची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे आधी लक्षात घ्या. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर पंधरा मिनिटांत त्याचीही इमानदारीने प्रत होईल. कोपऱ्यातल्या त्या जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका. तो रोज फक्त बदललेला भाग घेतो, सारखे तुकडे एकदाच साठवतो. तसाच एक माळेगावला ठेवा, रात्री व्हीपीएनवरून तिकडे सिंक होऊ दे. पहिली प्रत मात्र अंबडमध्येच भरून गाडीत घालून न्या: १०० एमबीपीएसच्या लाइनवर एक टीबी जायला जवळजवळ बावीस तास लागतात, आतल्या गिगाबिटवर अडीच.

भांडी बाजारातलं घर नको. तिथे राहणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे गोदेकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो बुडाला होता आणि सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात होते. अंबडला पूर येत नाही हे खरं, पण ज्या आठवड्यात तुम्हाला बॅकअप हवा असेल नेमका तोच आठवडा असायचा. सिन्नर तीसेक किलोमीटरवर आहे आणि गोदेपासून लांब, तेच बरं.

तुमचं युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक. कंपनी कायद्याखालच्या हिशेबाच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला, त्यानुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेतलेला असावा लागतो. ऑडिटर विचारेल तेव्हा रोजचा लॉग दाखवता आला पाहिजे. हे तुमच्या सीएंशी बोलून घ्या.

बॅकअप एन्क्रिप्ट करा, पण त्याची चावी कुठे ठेवताय? माझ्या एका ग्राहकाची चावी मी नीट जपून ठेवली होती, त्याच सर्व्हरवरच्या एका व्हीएममध्ये. वर्षभराने सरावासाठी बॅकअप उघडायला बसलो तेव्हा कळलं की कपाटाची किल्ली कपाटातच आहे. सराव होता म्हणून हसलो. आता चावी कागदावर छापून दोन पाकिटांत असते, एक मालकांच्या तिजोरीत, एक सीएंकडे.

कामाचा क्रम: दोन्ही मशीन आणून आठवडाभर रिकामी पळवा. रॅमची चाचणी चोवीस तास, डिस्कची स्मार्टची लांब चाचणी. मग हजेरी हलवा, कारण ती बिघडली तर एक दिवस रजिस्टरवर भागतं. मग फाइली. टॅली सगळ्यात शेवटी, आणि मार्च-एप्रिलमध्ये अजिबात नाही, जूनमध्ये. टॅली हलवण्याआधीच्या रविवारी चालू सर्व्हरच्या दोन्ही वायरी उपसा. घड्याळ लावा. तुमच्या ऑफिसातल्या माणसाने, मला फोन न करता, फक्त भिंतीवर चिकटवलेला कागद वाचून दुसऱ्या मशीनवर काम सुरू करायचं. तासाभरात जमलं तर सोमवारी टॅली हलवू, नाही जमलं तर कागद पुन्हा लिहू आणि पुढच्या रविवारी पुन्हा वायरी उपसू.

राहिला आवाज. सुरू होताना विमानासारखा ओरडतो, मिनिटभरात शांत होतो, आणि मग टेबल फॅनइतका राहतो. पण डेलचं नसलेलं एखादं कार्ड आत लावलं, जसं ते दहा गिगाबिटचं, की कधीकधी त्याला त्याचं तापमान कळत नाही आणि भीतीपोटी पंखे कायम जोरात ठेवतो. आयपीएमआय या लांबून सर्व्हर हाताळायच्या सोयीतून एक कमांड देऊन ती सवय बंद करता येते. तुमच्या सीएनसीच्या शेजारी ते कुणाला ऐकूही येणार नाही, पण अकाउंट्सच्या मॅडम त्याच खोलीत बसणार असतील तर त्यांना आधी विचारा.